माणसानं चुकावं, पण सोळा पट?

…नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा! मला त्याचं काही वाटत नाही, घरी बायको गेले तीन आठवडे हसतेच आहे, त्यात तुमची भर! पण तुम्हाला सांगतो, चुकणं हा माणसाचा धर्मच आहे. दीडपट चुकावं, दुप्पट चुकावं, अगदीच हौस असेल तर तिप्पट… पण सोळा पट? आणि तेही एकेचाळीस वर्षं? आणि तेही छापून?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. वय अठ्ठ्याहत्तर. संशोधन किती, तर एक निबंध. एकच! लोकांचे पन्नास-साठ असतात. मला दुसरा लिहायचा धीर झाला नाही, कारण पहिल्यात काही चुकलं तर नाही ना, हे तपासण्यातच माझी नोकरी संपली. आणि एवढं तपासून…! जाऊ दे.

निबंध साधा होता हो. ग्लिसरीन, डिंक आणि पाणी यांचं एक दाट मिश्रण मी तयार केलं, केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून सोडलं, थेंब मोजले आणि त्या मिश्रणाचा चिकटपणा किती, म्हणजे ते वाहायला किती आळस करतं, त्याचा आकडा काढला. झालं. पण मिश्रण निघालं स्वस्त, बनवायला सोपं, डाग पाण्यानं जातो, त्यामुळे ज्याला म्हणून दाट द्रव लागला त्यानं ते उचललं. आणि मिश्रण उचललं की आकडाही उचलायचा, आणि आकडा उचलला की खाली माझं नाव टाकायचं! दर वर्षी कुणीतरी टाकायचं. मी दर वर्षी ग्रंथालयात जाऊन मोजायचो. हो, मोजायचो, खोटं कशाला बोलू? दोनशे सोळा वेळा!

तर एका सकाळी प्राचार्यांचा फोन. या प्राचार्यांना मी शिकवलं आहे, त्यामुळे ते मला नाही म्हणू देत नाहीत. "सर, यंदा सगळ्या शाखांचं संशोधन एकाच छताखाली! इंजिनिअरिंग, फिजिक्स, कॉम्प्युटर, मेडिकल, आणि हो, चित्रकलेची मुलंसुद्धा! पुढं सोळा-सतरा दिवस प्रदर्शन खुलं. ज्येष्ठ परीक्षक तुम्हीच!"

म्हटलं, "अहो, चित्रकलेतलं मला काय कळतंय?"

"कुणाला कळतंय, सर? आपल्याला गुण द्यायचेत."

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक होते, कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर. त्यांना सगळे 'बरोबर-बरोबर' म्हणतात, कारण ते दुसरं काही बोलतच नाहीत. तुम्ही म्हणा, आज ऊन आहे. "बरोबर, बरोबर." तुम्ही म्हणा, आज ऊन नाही. "बरोबर, बरोबर." असा माणूस परीक्षक म्हणून किती सोयीचा, तुम्हीच सांगा!

पहिलं टेबल इंजिनिअरिंगचं. एक पंप, आणि पंपात काय? माझं मिश्रण! भिंतीवर माझा आकडा! मी आपला उगाच चष्मा पुसला. मुलगा म्हणाला, "सर, सूत्रानं जेवढा जोर यायला हवा त्याच्या सोळाव्या हिश्शातच पंप चालतो, म्हणून आम्ही शेवटी एका सोळांशानं गुणतो. त्याला सुधारणा गुणक म्हणायचं." म्हटलं, वा! बरोबर-बरोबर म्हणाले, "बरोबर, बरोबर."

दुसरं टेबल फिजिक्सचं. आमचं घरचंच! तिथंही माझं मिश्रण. ही मुलगी तर माझ्या पायाच पडली. म्हणाली, "सर, तुमच्या आकड्यापेक्षा द्रव सोळा पट जोरात वाहतो, म्हणजे नळीच्या काचेवरून तो घसरत असणार! हा नवा परिणाम आहे. मी त्याला तुमचं नाव दिलंय, सर!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नावाचा परिणाम!

तिसरं कॉम्प्युटरचं. तिथं मिश्रण नव्हतंच, नुसता पडदा. म्हणे, "आमच्या मॉडेलचं उत्तर सरांच्या आकड्याशी अठ्ठ्याण्णव टक्के जुळतं."

"आणि प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"ते जुळत नव्हते सर, म्हणून ते आम्ही सदोष धरून काढून टाकले."

आणि मी, मी, ज्यानं आयुष्यभर बेरीज तीनदा केल्याशिवाय पान उलटलं नाही, मी मान डोलावली! का? कारण माझा आकडा खरा ठरत होता. माणूस इतका हलका असतो, तुम्हाला सांगतो.

चौथं मेडिकलचं. शस्त्रक्रियेत रक्त फिरवायचं छोटं यंत्र, आणि खोटं रक्त म्हणून लाल रंगाचं माझं मिश्रण. एक हुशार मुलगी, पांढरा कोट, बरोबर तिच्या मार्गदर्शक डॉक्टरीणबाई. "सर, जोर किती लावायचा हे तुमच्या आकड्यावरूनच ठरवलंय. प्रवाह जरा जास्त होतो, म्हणून सध्या नळी चिमट्यानं आवळून धरतो. पुढच्या महिन्यात खऱ्या रुग्णांवर चाचणीला परवानगी मागतोय." मी म्हटलं, "छान, छान." छान म्हटलं मी! सोळा पट जोरानं रक्त ढकलणार, आणि मी छान म्हणतोय!

पण तेव्हा कुठं ठाऊक होतं? तेव्हा मी दोन बोटं जमिनीच्या वरूनच चालत होतो.

आणि मग पाय खाली आले. नुसते आले नाहीत, चिकटले! पाचव्या टेबलाशी, चित्रकलेच्या, फरशीवर लालभडक चिखल. माझा डावा बूट तिथंच राहिला, मी मोज्यावर पुढं. आणि त्या चिखलाच्या मधोमध एक मुलगी फडकं पिळत बसलेली, कमरेला रंगानं माखलेला एप्रन, आणि चेहरा असा की आता रडेल नाहीतर मारेल.

तिनं काय केलं होतं, ऐका. वर पाच बरण्या, प्रत्येकीला बारीक नळी, खाली मोठं पांढरं कापड. थेंब-थेंब पडून चित्र आपोआप उमटायचं, प्रदर्शनाचे सोळा दिवस. चित्राचं नाव 'धीर'. बरणीत काय? बोलायलाच नको! बरणी केवढी घ्यायची हे तिनं माझा निबंध वाचून, माझ्या आकड्यावरून, बोटांवर हिशेब करून काढलं होतं. उद्घाटनाला काल सकाळी चालू केलं, आणि आज सकाळपर्यंत पाचही बरण्या रिकाम्या! सोळा दिवसांचं चित्र एका दिवसात वाहून फरशीवर!

बरोबर-बरोबर पहिल्यांदाच दुसरं काही बोलले. "वेळेचं नियोजन नाही. दहापैकी दोन." आणि मी खाली सही केली. केली हो! पण तोंड गप्प बसेना. म्हटलं, "बाळ, तुझी नळी रुंद असणार."

ती उठली. "फिजिक्सच्या लॅबमधून आणलीये, सर. मोजून दिलीये."

"मग मिश्रण पातळ केलं असशील."

"तुम्ही लिहिलंय तेवढंच. ग्रॅमवर."

"मग हिशेबात चूक."

"आजोबा," ती म्हणाली. सर नाही, आजोबा! "या सगळ्यांनी तुमच्या आकड्याला काही ना काही ठिगळ लावलंय. मी एकटीनं तुमच्यावर जसाच्या तसा विश्वास ठेवला. आणि फरशी मीच पुसतेय. बसा या स्टुलावर, आणि घड्याळ काढा."

बसलो. एका पायात बूट, एका पायात लाल मोजा. तिनं बरणी भरली. माझ्या आकड्यानं एका थेंबाला आठ मिनिटं लागायला हवीत. अर्ध्या मिनिटात पडला. टप्! पुन्हा अर्धं मिनिट. टप्! मी आठ मिनिटं मोजली, खाली सोळा थेंब. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदम तो पंपाचा एक सोळांश, फिजिक्सचा सोळा पट, चिमट्यात आवळलेली नळी… सगळं त्या थेंबाबरोबर, टप्!

माणसानं चुकावं, पण सोळा पट?

दुपारी घरी येऊन जुनी वही काढली. माळ्यावर चढायला मला बंदी आहे, बायकोनं शिडी धरली, वर तोंड चालूच. वही उघडली. पिवळं पान, माझंच अक्षर: नळीचा व्यास, सूक्ष्मदर्शकातून मोजलेला. आणि निबंधात? तोच आकडा, पण त्रिज्या म्हणून! व्यास म्हणजे अख्खी रुंदी, त्रिज्या म्हणजे निम्मी. आता तुम्ही म्हणाल, दुपटीचीच तर चूक! अहो, पण या सूत्रात त्रिज्या चार वेळा गुणतात ना! दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे… मला तो पाढा म्हणवत नाही.

बायकोनं वही बघितली. या बाईंनी तेव्हा माझा निबंध टाइप केला होता, हाताची दोन नखं मोडून. म्हणाल्या, "अहो, मी तेव्हा विचारलं नव्हतं? हे व्यास लिहू का त्रिज्या? तुम्ही काय म्हणालात आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं.

"म्हणालात, तू मुकाट्यानं टाइप कर, तुला काय कळतंय भौतिकशास्त्रातलं."

एकेचाळीस वर्षं या बाईनं ते वाक्य जपून ठेवलं होतं, मोडक्या नखांसकट!

तसाच उठलो, कॉलेजात गेलो. प्राचार्य म्हणाले, "सर, दोन दिवसांनी बक्षीस समारंभ, प्रमाणपत्रं छापून झाली. आता चूक कशी निघेल?" इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "सर, मग माझा गुणक कुठं जाईल? त्याच्यावर माझा सगळा प्रबंध उभा आहे." फिजिक्सची मुलगी नुसती फलकावरच्या माझ्या नावाच्या परिणामाकडे बघत राहिली. कॉम्प्युटरवाले म्हणाले, "सर, आमचं मॉडेल तुमच्याशी सहमत नाही." म्हणजे माझ्याविरुद्ध माझीच साक्ष! बरोबर-बरोबरांना फोन केला, म्हटलं, त्या चित्रकलेच्या मुलीचे गुण बदलायला हवेत, चूक माझी आहे. "बरोबर, बरोबर," म्हणाले, आणि फोन ठेवला.

एकट्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, चाचणी मी थांबवते. पण तुमच्या तोंडी शब्दावर छापील आकडा बदलता येत नाही. त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापून आणा. ती आली की आम्ही बदलू, पोरीचे गुणही प्राचार्यांना बदलावेच लागतील."

आली का पंचाईत! पण लिहिली. दीड पान दुरुस्ती, एकोणीस वेळा तपासली, पाठवली. आता या नियतकालिकांची पद्धत अशी की लेखकाचं नाव झाकायचं आणि मजकूर त्या विषयातल्या जाणकाराकडे पाठवायचा. जाणकार म्हणाला योग्य, तर छापायचा. चांगली पद्धत आहे, मी स्वतः वर्गात तिचं कौतुक केलंय.

गेल्या आठवड्यात एका सकाळी पत्र आलं. "माननीय महोदय, सोबतच्या दुरुस्तीचं परीक्षण करावं ही विनंती. लेखकाचं नाव गोपनीय आहे. जगात या मिश्रणावर अधिकारवाणीनं बोलू शकेल असे आपण एकटेच आहात."

हसा! मी आधीच सांगितलं होतं, हसा!

त्यांना फोन केला. म्हटलं, "अहो, ते माझंच आहे!" पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, लेखकाचं नाव आम्ही सांगू शकत नाही." म्हटलं, "तुम्ही सांगू नका, मी सांगतोय!" तर म्हणते, "सर, तुम्हाला ते कळणं नियमात बसत नाही. दुसरा जाणकार सुचवता का?" आता मी कुणाला सुचवू? उरलेले दोनशे सोळा जण तर माझाच आकडा घेऊन बसलेत!

मग काय, बसलो परीक्षणाला. चष्मा लावला, लाल पेन घेतलं, मनाशी म्हटलं, परका माणूस आहे असं समजून वाचायचं. आणि तुम्हाला खरं सांगू? पटेना! हा लेखक म्हणतो, जुन्या वहीवरून चूक सापडली. मग वहीतच चूक नसेल कशावरून? म्हणतो, चित्रांच्या प्रदर्शनात स्टुलावर बसून थेंब मोजले. हा काय प्रयोग झाला? एका पायात बूट नसताना? चार ओळी हो म्हणून लिहायचो, पाचव्या ओळीत सगळं खोडायचो. खोटं 'योग्य' लिहिलं तर पुन्हा तेच, माझ्या सहीवर माझा आकडा, आणि पुढच्या टोकाला कुणाचं तरी रक्त. शेवटी लिहिलं, 'नळी नव्यानं मोजून, किमान शंभर थेंबांची नोंद जोडल्याशिवाय ही दुरुस्ती छापू नये.'

तेव्हा हल्ली रोज सकाळी मी त्या चित्रकलेच्या मुलीच्या खोलीत जातो. ती बरण्या भरते, मी घड्याळ धरतो, बायको आकडे लिहिते. ती पोरगी म्हणते, "आजोबा, हलू नका, थेंब चुकतो." तिचं चित्र पुन्हा उमटायला लागलंय, या वेळी बरण्या सोळा पट मोठ्या. दर थेंबाला नळी नव्यानं मोजायची, त्यामुळे आठवड्यात शंभरातले त्र्याण्णवच थेंब झालेत. आणि दर थेंबाला बायको वहीतून मान न उचलता विचारते, "अहो, व्यास का त्रिज्या?" आणि मी, एकेचाळीस वर्षांनी, दर वेळी उठून, नळीपाशी जाऊन, नीट बघून उत्तर देतो.

उरलेले सात उद्या होतील. मग दुरुस्ती पुन्हा जाईल, आणि ते पुन्हा माझ्याकडेच पाठवतील. मी छापायला हो म्हणेन की नाही, ते मात्र विचारू नका. माणूस जरा संशयी आहे हो.