डुगडुगणारं स्टूल

लाकडाच्या वखारीत मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे काखेत बुटकं स्टूल धरलेली एक बाई, आणि तिच्यापुढे कानावर पेन्सिल खोचलेले एक म्हातारे सुतार.

"ताई, हा पाट का?"

"स्टूल होतं हो, काका! डुगडुगायला लागलं म्हणून लांब वाटला तो पाय कापला. मग दुसरा लांब वाटायला लागला."

"किती वेळा कापलंत?"

"पाच."

"अहो, करवत शेवटी! आधी सपाट फरशीवर ठेवायचं, आखूड पायाखाली पाचर सरकवायची. डुगडुग थांबली, की ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांवर एकाच उंचीवर खूण करायची. मग कापायचं."

"बाबांना माहीत असणार. तेही सुतारच. पण झटका आल्यापासून बोलणं बंद झालंय, खुर्चीतून नुसते बघत असतात."

"मग हे बघून कपाळावर हात मारला असेल."

"नाही ना! काल पाचवा तुकडा पडला आणि हसले. खांदे हलेपर्यंत. आठ महिन्यांत पहिल्यांदा."

"आज किती पायांचं लाकूड घेताय?"

"चार."

"आठ पायांचं घ्या."