मालकांचा वाढदिवस

कुंभारीच्या बसची वाट बघत गोजरबाई उभ्या होत्या. पुढं दोघी बोलत होत्या, अन् गोजरबाईंचे कान तिकडंच.

"पावणेसहाची बस चुकलीस की, रेश्मा!"

"मालकांचा वाढदिवस हुता, गौराक्का."

"मग लवकर सोडायचं की!"

"कुटलं काय! सोमवारीच त्यांनी ऑफिसात फेसबुक बंद केलं. मोबाईलबी दारात जमा. कामं बुडत्यात म्हणं."

"बरं केलं की."

"आज सकाळी फेटा बांधलेला फोटो टाकला. दुपारी सगळ्यांना केबिनमदी बोलावलं. 'आपल्या ऑफिसातनं एकाचीबी शुभेच्छा न्हाय!'"

"तुमी दिल्या न्हाईत?"

"दिल्या की! हार घातला, केक कापला, पाया पडलो."

"मग?"

"म्हणले, 'ते कुणाला दिसतंय?'"

गोजरबाई एक पाऊल पुढं सरकल्या.

"मग गं?" गौराक्कानं इचारलं.

"फेसबुक धा मिन्टं चालू केलं. चौदा जणांनी शुभेच्छा टाकल्या. मालक लई खूश."

"मिटलं की मग."

"कुटलं मिटतंय! कामाची धा मिन्टं फेसबुकवर घालवली म्हणून सगळ्यांना धा मिन्टं उशिरा सोडलं."