बिनमिठाची चटणी

माजं माहेर जयसिंगपूरचं, सासर हे गडमुडशिंगी. नाव हसीना, पर गावात समदी डंकवाली भाभी म्हनत्यात, कारण मालक हुते तवा त्यांनी चटणी कांडायचा डंक घातला, आता ते न्हाईत, मीच चालवतो. काय सांगू पावणं, उन्हाळा आला की गावातल्या बायका मिरच्या, कांदा, लसूण, खोबरं घिऊन माज्या दारात, वर्साची चटणी एकदमच, मग मराठ्याची असू दे न्हायतर आमच्यातली असू दे, रांग एकच आणि शिंका बी एकच.

त्यातली अक्काताई माजी शेजारीन. शेजारीन म्हनायचं आपलं, माज्या दोन्ही बाळंतपणाला पाणी तापवलं तिनंच, आणि माज्यावर आईपेक्षा जास्त वरडली बी तीच.

माजी आई बीपीनं गेली. एक अंगच गेलं तिचं, तोंड वाकडं झालं, वरीसभर हातरुणात. तवापास्नं बीपीचं नाव निघालं की मी इषयच बदलतो. तर उपकेंद्रातली सिस्टर म्हनली, भाभी, बायका दवाखान्यात येत न्हाईत, तुमच्या डंकावर मात्र नंबर लावून बसत्यात, मी मशीन घिऊन हितंच येते. आली, तर अक्काचा बीपी लय चढलेला. गोळ्या चालू झाल्या, मीठ कमी करा म्हनलं. अक्कानं कालवणात मीठ घालायचंच सोडलं. तरी दर खेपंला बीपी तसाच. सिस्टर इचारायची, गोळी खाता न्हवं? अक्का म्हनायची, व्हय की. आणि मीठ? शिवत बी न्हाय. मला जेवण जाईना, वाटायचं ही बी आईच्या वाटंनं जाती का काय.

मग अक्का चटणी कांडायला आली. पाटीत मिरच्या, वर खडेमिठाची ही मोठी पिशवी. सिस्टर म्हनली, काकू, हे कशाला? चटणीत घालायला, न्हायतर टिकंल कशी? सिस्टरनं इचारलं, आणि कालवणाला चव कशानं येती आता? अक्का म्हनली, चटणीच दुप्पट घालतो की. समद्या बायका हसल्या आणि हसता हसता आपापल्या पिशव्या पदराखाली घ्याया लागल्या, घराघरात तेच चाललेलं.

सिस्टर म्हनली, बिनमिठाची करा, थोडी थोडी करा, कोरड्या बरणीत ठेवा. अक्का ऐकंना. बुरशी धरली तर, पावणं-पै जेवले तर काय म्हनतील? मला रागच आला, डंक बंद केला. म्हटलं, मीठ घालून तुजी चटणी मी कांडत न्हाय, जा कुठं जायचं तितं. आणि रडायलाच आलं मला. अक्का माज्याकडं बोट करून सिस्टरला म्हनली, हिनं अजून एकदा बी मशीनीत हात दिला न्हाय, आईगत निघंल म्हणून भेती. आदी हिचा बघा, मग माजी बिनमिठाची कांडा.

धरलंच की मला. बसलो, डोळं मिटलं, माजा दुसरा हात अक्कानं धरलेला. माजा बी चढलेलाच निघाला.

आता दोघी गोळ्या खातोय. रोज सकाळी ती भिताडापलीकडनं वरडती, खाल्लीस का गं, आणि न्हाय म्हटलं की माज्या सात पिढ्यांचा उद्धार. तिचा बीपी उतरलाय, माजा उतराय लागलाय. बिनमिठाची चटणी पयल्यांदा मातीगत लागली, खोटं कशाला सांगू, आता जिभंला सवय झाली. ती तिच्या देवीला सांगती, हिला माज्या आदी न्हेऊ नको, आणि मी अल्लाला तेच सांगतो तिच्यासाठनं. आता दोघींचं बी ऐकायचं म्हंजे वरच्याला दुसरा इलाजच न्हाय, दोघींस्नी हितंच ठेवावं लागतंय.