बोटातला उजेड

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी मासे साफ करणाऱ्या नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, शीतगृहातला दिवा गेला आणि हे बोट निळं चमकलं.”

“खवला चिकटला असेल.”

“तीनदा धुतलं हो.”

“काटा तर परवा रुतला. मग काल कसं नाही चमकलं?”

“लॅबवाल्या बाई म्हणाल्या, माशांवरचे हे जंतू थोडे असले की गप्प असतात. प्रत्येक जण जरासं रसायन सोडतो. ते दाटलं की त्यांना कळतं, आपण पुष्कळ झालो. मग सगळे एकदम उजळतात.”

“अगं बाई!”

“वहिनी, तो काटा तुम्ही दातांनी ओढून काढलात.”

“मग?”

“सकाळपासून जीभ झोंबतेय म्हणालात ना? आ करा बघू, मी ओढणीने अंधार करते.”

“नको गं. आधी माझाही केसपेपर काढ.”