वाकड्या भोपळ्याचा लोगो

खरं सांगू का, तो लोगो दाखवायच्या आदल्या रात्री मला झोपच आली नाही, आणि कारण माझीच साडेचार वर्षांची मुक्ता. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका चाचांच्या वेबसाइटसाठी मी लोगो केला होता. खाली भोपळा, वर लांब दांडी. मुक्ता स्क्रीनकडे बघून म्हणाली, "आई, आमटीची पळी." तेव्हापासून मलाही तिथं पळीच दिसायला लागली.

सकाळी नेमकी बालवाडीला सुट्टी, म्हणून तिला सोबत न्यावं लागलं. सांगलीपासून मिरजेपर्यंत तिला एकच गोष्ट पढवली.

चाचांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "भोपळा जरा वाकडा काढलाय तुमी."

"सरळ करते," मी घाईघाईनं म्हटलं.

"न्हाई, राहू द्या. आमाला तरी सरळ भोपळा कवा मिळतोय? लय झ्याक हाय. दुकानाच्या पाटीवर पण हाच घाला."

सुटले, असं वाटतंय तोवर ते मुक्ताकडे वळले. "काय हाय गं हे, सांग बघू?"

"तंबोरा," मुक्ता म्हणाली. मला अगदी भरून आलं.

मग ती म्हणाली, "आईनं सांगितलंय, पळी म्हणायचं नाही."