भारमान

आबा: पिशवीमा काय शे रे, योगेंद्र?

योगेंद्र: केळी.

आबा: बठ्ठा गाव केळीना, अन तू फाट्यावर केळी लई उना?

योगेंद्र: आबा, तुम्ही उन्हात कशाला बसलात इथे? घरी जा ना.

आबा: मी रोज येस. गाडी उनी की खिडकीमातीन दिसतीन तितला मानसं मोजस, अन घर जास. आज नव्वदवा दिन शे. उघाड ती पिशवी.

योगेंद्र: नको.

आबा: मी तुना दोस्त नही, तुनी मायना बाप शे. उघाड.

योगेंद्र: दगड आहेत. झालं समाधान?

आबा: कितला शेतस?

योगेंद्र: मोजले नाहीत.

आबा: आम्ही बी मोजेल नव्हतात.

योगेंद्र: हे बघा, रस्त्याच्या मोरीखाली अजून सहा जण आहेत. मी रुमाल हलवला की वर येतील. आधी सगळ्यांना खाली उतरवणार. कुणाला ओरखडासुद्धा नाही. आईला तर मी स्वतः उतरवीन. मग काचा. मग टायर. साडेअकराला चॅनलवाला येतोय.

आबा: मायले हात धरीसन उतारशी?

योगेंद्र: हो.

आबा: वा. शानं शे पोरगं. अन कसाले हाई बठ्ठं?

योगेंद्र: उद्यापासून गाडी बंद आहे म्हणून. तीन महिन्यांची मुदत आज संपली. दादांना आतून कळलंय.

आबा: कोनता दादा?

योगेंद्र: आमचे दादा. जिल्हा परिषदेला उभे राहतायत ते. म्हणाले, पोरांनो, तुम्ही आवाज करा, पुढचं मी बघतो. बंदच करणार असतील तर गपचूप का करू द्यायची?

आबा: आम्हले बी असाच एक भाऊ भेटना व्हता. पुढलं मी देखस, असंच बोलना व्हता. मंग देखतच राहिना, लांबतीन.

योगेंद्र: तुमची गोष्ट वेगळी. आबा, मी काय काय करून बसलोय, तुम्हाला माहीत आहे. धुळ्याला तीन वर्षं खोली करून राहिलो. पेपर दिला, पेपर फुटला, परीक्षा रद्द. परत दिला, निकाल कोर्टात. ऑनलाइन तक्रार टाकली. उत्तर काय आलं? ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कुणी काढली, कशी काढली, काही नाही. ज्याच्यासाठी आम्ही भिंती रंगवल्या तो निवडून आला, आणि दोन महिन्यांत ज्याला शिव्या घालत होतो त्याच्याच मांडीला मांडी लावून बसला. माझं पहिलं मत होतं ते. पहिलं. मला अजून राग येतो, रात्री उठून बसतो मी. आता कागदाचं नाव काढू नका माझ्यापुढे. काच फुटली की आवाज होतो, एवढंच मला समजतं.

आबा: आवाज व्हस. मी आयकेल शे तो.

योगेंद्र: तेच तर. अख्खा गाव अजून सांगतो, अभिमन आबांनी लाल गाडी पेटवली अन् तालुका हादरला. लहानपणी मी पोरांना ऐटीत सांगायचो, तो माझा आजोबा.

आबा: अन आम्ही काय मांगं व्हतं, ते सांगस का गाव?

योगेंद्र: ते नाही सांगत कुणी.

आबा: नहीच सांगाव. लाज वाटस. आम्हले दुसरी फेरी पाहिजे व्हती. एक गाडी व्हती, सांजले ये, रातले मुक्काम करे, सकाळले जाये. आम्ही बोलनूत, दुपारनी आखो एक पाहिजे. दुसरी भेटाले पाहिजे म्हनीसन आम्ही पहिली पेटाडी दिधी.

योगेंद्र: हो?

आबा: हास, हास. हासासारखंच शे. मंग नऊ वरीस कोर्टनी तारीख. अन तारीखले जावाले गाडी नही. चार कोस पायी. एक डाव जजसाहेबनी इचारं, उशीर का व्हयना? मी बोलनू, गाडी नही साहेब. त्या बोलनात, का नही? बठ्ठं कोर्ट हासाले लागनं. मन्हा वकील बी हासना.

योगेंद्र: पण सुटलात ना.

आबा: सुटनूत. कसा सुटनूत, ते तुले कोनी सांगं नही. डायव्हर व्हता कादरभाई, सावदाना. मुक्कामले राहे, मन्हा घर जेवे. तुनी आजीना हातनी कळणानी भाकर त्याले भलती आवडे. त्यानी माले देखं व्हतं, योगेंद्र. काडी मन्हा हातमा व्हती, अन तो मन्हा समोर हुभा. कोर्टमा वकीलनी इचारं, यांना ओळखता? बोलना, ‘ओळखतो साहेब, यांच्या घरी जेवलोय. पेटवताना पाहिलं नाही.’ अन मन्हाकडे देखं बी नही. चालना गया. पुरावा नही, सुटनूत.

योगेंद्र: पुन्हा भेटले नाहीत?

आबा: कोनतं तोंड लईसन भेटू?

योगेंद्र: झालं ते झालं, आबा. शेवटी नुकसान काय, एका गाडीचं.

आबा: तुनी माय कितली शिकेल शे?

योगेंद्र: सातवी. तेव्हा गरिबी होती म्हणून...

आबा: गरिबी नव्हती. गाडी नव्हती. आठवीनी शाळा तालुकाले. पहिला नंबर व्हता तिना. गाडी बंद व्हयनी, शाळा बंद व्हयनी, सतरा वरीसनी व्हती तं गावमाच दिधी तिले. तीस वरीस व्हयनात, माले एक शब्द बोलनी नही ती. भाकर वाढस, पाय दाबस, बठ्ठं करस. एक डाव भांडती तं माले बरं वाटतं.

योगेंद्र: मला कधीच बोलली नाही.

आबा: तुले कसाले बोली? तुना आजा हिरो शे ना.

योगेंद्र: तुमचं चुकलं, मान्य. पण मग पुढची तीस वर्षं अर्जच केले ना तुम्ही लोकांनी? काय मिळालं? चार महिन्यांपूर्वी आम्ही रस्ता रोको केला, तेव्हा कुठे ही गाडी आली. तीही तीन महिन्यांची, उष्टी दिल्यासारखी.

आबा: रस्तावर बठनं येगळं, गाडी फोडनं येगळं. बठाले मी बी उनू व्हतू, तुना जोडे, उनमा. मी नाव ठेवस नही त्याले. पण त्या दिन डेपोना साहेब काय बोलना, ते आठवस का?

योगेंद्र: भारमान. गाडीत माणसं किती बसतात त्याची टक्केवारी. तीन महिने पंचावन्नच्या वर राहिली तर गाडी ठेवू, म्हणाला. म्हणजे न ठेवायचं कारण आधीच शोधून ठेवलं.

आबा: तुले ते कारन दिसनं. तू घर जाईसन आडा पडना. तुनी मायले तो आकडा दिसना. ती बोलनी, मानसंच पाहिजेत ना? मानसं तं शेतस आपलाकडे. तिनी शाळानी भितवर बठ्ठा गावनी पाळी लिखी. आज हाई आळी, सकाय ती आळी. काम असो, नसो, गाडीमा बठानं. तालुकाले जावानं, स्टँडवर बठानं, अकराले परत.

योगेंद्र: पाहिलंय मी ते. चेष्टा चालली होती नुसती.

आबा: चेष्टाच व्हती. झुंबरबाई जलममा दोन डाव तालुकाले गयेल, त्या बी लगीनले. आते स्टँडवरना भेळवाला तिले दूरतीन हाक मारस. झुलाल दाढी करले जास, रोज. दाढी राहिनी नही, तरी जास. धुरपदाबाईनी दात दखाडात तीन डाव, डाक्टर बोलना, मावशी, दात चांगला शेतस, येऊ नका. अन प्रमिलाबाईनी तं वाचनालयनं कार्ड काढं. आते पाळी नही तरी जास, पुस्तक बदलाले.

योगेंद्र: तुम्ही हसताय, आबा.

आबा: का नही हासू? मन्हा डोयासमोर गाडी भरी जास. रोज.

योगेंद्र: पण मग भिंतीवर तुमचं नाव का नाही? सगळ्या गावाचं आहे. नव्वद दिवसांत एकदा तरी?

आबा: मी नही बठस.

योगेंद्र: का?

आबा: त्या दिनपशीन लाल गाडीनी पायरी चढेल नही मी. मन्हाच हातनी तिले काडी लायेल शे. कसा चढू?

योगेंद्र: आबा, धूळ दिसतेय तिकडे. आली. रुमाल हलवू का नको, तुम्ही सांगा.

आबा: मी नही सांगाव.

योगेंद्र: सांगा म्हणतोय ना. तुम्ही नको म्हणालात तर ठेवतो.

आबा: मंग ते मन्हं ऱ्हाई, तुनं नही. मी आठे बाकवर बठेल शे. हात तुना शे, रुमाल तुना शे.

(लाल गाडी फाट्यावर येऊन थांबते. दार उघडतं. दारात कंडक्टर नूतन.)

नूतन: मागे सरका, मागे सरका. आधीच सांगते, जागा नाही. चव्वेचाळीस सीट आणि साठ माणसं. ओ भाऊ, पायरीसमोर उभे राहू नका. रुमाल कशाला आवळून धरलाय, उलटी होतेय का?

योगेंद्र: नाही मॅडम. घाम.

नूतन: मग पुसा की. आणि जरा मदत करा. इथे उतार आहे, हँडब्रेक ढिला आहे. ड्रायव्हर म्हणतात चाकाखाली एक दगड लावा.

योगेंद्र: एकच?

नूतन: एक पुरे. अहो, पिशवीत दगड घेऊन फिरता तुम्ही?

योगेंद्र: केळी म्हणून आणले होते.

आबा: बाई, माले एक सांग. आज आखरीना दिन ना? उद्यापशीन बंद शे ना गाडी?

नूतन: बंद? कुणी सांगितलं, आजोबा? सकाळीच कागद लागलाय डेपोत. तीन महिन्यांचं भारमान ब्याऐंशी टक्के. फेरी कायम. वर सोमवारपासून दुपारची दुसरी फेरी. आमच्यात कुणाला खरं वाटेना. एवढ्याशा बोरदरं गावातून ब्याऐंशी!

आबा: दुसरी?

नूतन: दुसरी फेरी. दुपारी दोनची. का हो?

आबा: तीच तं मांगी व्हती.

नूतन: काय म्हणतायत हे?

योगेंद्र: थांबा मॅडम, एक मिनिट. आमच्या दादांनी तर सांगितलं, बंद होणार. आतली बातमी आहे म्हणाले.

नूतन: जाड सोन्याची साखळी, पांढरी गाडी, तेच ना? परवा आले होते डेपोत. त्यांना तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या फेरीचा नारळ कधी फोडायचा, हे विचारत होते.

योगेंद्र: परवा?

नूतन: परवा. चहासुद्धा प्यायले.

योगेंद्र: म्हणजे काचा आम्ही फोडायच्या, आणि नारळ त्यांनी.

आबा: तुले लवकर समजनं. माले नऊ वरीस लागनात.

नूतन: तुमचं काय चाललंय मला कळत नाहीये. येणार असाल तर चढा. त्या पाळ्या लावणाऱ्या लताबाई पण मागे उभ्याने आल्यात, आपली सीट दुसऱ्याला देऊन. माझ्या मशीनच्या आधी त्यांची मोजणी होते, बरं का. साठ म्हणाल्या, साठच निघाले.

योगेंद्र: मॅडम, अजून सहा जण आहेत. मोरीखाली.

नूतन: मोरीखाली काय करतायत?

योगेंद्र: गाडीची वाट बघतायत. ए, या रे वर! सगळे या! हातातलं टाका तिथंच अन् या!

नूतन: उभं राहावं लागेल सगळ्यांना. आणि अभिमन कोण हो इथे? पुढच्या बाकावर एक चाचा बसलेत, सावद्याचे. आपल्याच खात्यातले, रिटायर ड्रायव्हर. तालुक्यापासून तीनदा विचारून झालं, अभिमन फाट्यावर येतो का.

आबा: कादर?

नूतन: हो, कादरभाईच. ओळखता? लताबाईंनी बोलावलंय त्यांना. स्टँडवर घ्यायलाही त्याच गेल्या, हात धरून चढवलं.

आबा: लतानी बोलाई लयना त्याले?

योगेंद्र: आबा, भांडायचं होतं ना तिने एकदा? हे घ्या. तीस वर्षांनी बोलली.

नूतन: चला, चला. ड्रायव्हर हॉर्न मारतोय. आजोबा, तुम्ही चढताय ना?

आबा: मी पायी येस. जा तुम्ही.

योगेंद्र: आबा, भारमान.

आबा: ब्याऐंशी व्हयनं ना? बस व्हयनं.

योगेंद्र: आपण त्र्याऐंशी करू. उठा. हात मी धरतो. मी कुणाला उतरवणार नाही आज, चढवणार आहे. पाय उचला. हां. दुसरा. झालं, चढलात.

नूतन: तिकीट?

योगेंद्र: एक अर्धं, सात पूर्ण. बोरदरं.

नूतन: सामान? ती पिशवी कुठे गेली?

योगेंद्र: खाली ठेवली. चाकाखालचा दगड पण काढला.

नूतन: आजोबा, दारात थांबू नका, पुढे सरका. चाचा हात करतायत बघा. काय? हो हो, विचारते. ते म्हणतायत, परतीच्या गाडीने जाऊ, का आज मुक्काम?

आबा: त्याले सांग, मुक्काम शे. चूल मी पेटाडसु.