उजव्या पायातला लाल मोजा

...आणि वर डब्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय काय, तर 'नव्याने उजळलेली विशेष आवृत्ती'! उजळलेली? अहो, करपलेलं पातेलं घासावं तशी घासलीय फिल्म! तुम्हाला सांगतो, मी काही सिनेमातला जाणकार नाही, आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासले, पण गळती मला कळते! आणि या कार्टून फिल्मांच्या डिस्कांना जी गळती लागलीय ना... दर आवृत्तीला डबा जाड होतो आणि आतला माल पातळ!

आता तुम्ही म्हणाल, या वयात कार्टून? अहो, मला त्या फिल्ममधल्या कोल्ह्याशी काय देणंघेणं? मला फक्त एक सेकंद बघायचा असतो. एकच सेकंद!

थांबा, नीट सांगतो. आमची ही, म्हणजे माझी बायको, अकरा वर्षं कार्टूनच्या स्टुडिओत रंग भरायला होती. तेव्हा कॉम्प्युटर कुठला? पारदर्शक कागदावर पुढून रेघा काढलेल्या असायच्या आणि रंग भरायचा मागून. मागून! म्हणजे रेघ झाकली जात नाही. सेकंदाला बारा कागद, आणि शूटिंग झालं की कागद धुऊन पुसून परत वापरायचे. म्हणजे हिने रंगवलेले हजारो कागद, शिल्लक किती? शून्य! आणि पहिल्याच दिवशी हिच्यापुढे आला कोल्हा. कोल्ह्याच्या डाव्या पायात लाल मोजा, उजवा पाय उघडा. हिने कागद उलटा केला, आणि उलटा केल्यावर डावं कुठं जातं? नवखं माणूस! बाराच्या बारा कागदांवर मोजा गेला उजव्या पायात. तपासणाऱ्या बाईंची नेमकी त्या दिवशी दाढ दुखत होती. झालं! फिल्म पडद्यावर आली. कोल्हा गोठलेल्या तळ्यावरून समोर चालत येतो, आणि एक सेकंद, एकच सेकंद, मोजा टुणकन इकडून तिकडे जातो आणि परत येतो.

हसू नका. बाकी अकरा वर्षं हिने सगळं बरोबर केलं हो. पण बरोबर केलेलं काम कुणाचं, ते ओळखता येतं का? चूक तेवढी हिची!

मग काय, घरी कॅसेट आणली आणि येईल त्या पाहुण्याला मी ते दाखवायचो. "थांबा, थांबा, आत्ता... हा बघा!" ही आतून ओरडायची, "अहो, पुरे झालं, माझी चूक काय गावाला दाखवताय?" पण दारात उभी राहून बघायची. इतक्यांदा थांबवली ती कॅसेट की झिजली. आणि कुठं झिजली? बरोबर तिथेच! कोल्हा तळ्यावर पाय ठेवतो आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

चालायचंच म्हणून मी गप्प बसलो असतो. पण आमची नात, वय वर्षं सात, जिभेला हाड नाही. फिल्म शेवटपर्यंत बघितली, नावं वाचली. त्या नावांत निर्मात्याचा ड्रायव्हर आहे, स्टुडिओतलं मांजर आहे, आणि रंग भरणाऱ्या बायका? 'आणि इतर'! नात म्हणाली, "आजी, तू खरंच होतीस का गं स्टुडिओत? की आजोबा असंच सांगतात?" ही हसली. म्हणाली, "असंच सांगतात." आणि उठून कपड्यांच्या घड्या करायला लागली. मला वाईट वाटलं. सरळ सांगतो, फार वाईट वाटलं.

गेलो दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, ही डीव्हीडी न्या, फुल स्क्रीन, एकदम झकास!" आणली. सगळ्यांना बसवलं. कोल्हा आला तळ्यावर, कान आहेत, शेपूट आहे... पाय? पायच नाहीत! गुडघ्याखाली कोल्हा गायब! परत गेलो. तर म्हणतो कसा, "काका, हल्ली टीव्ही आडवे झालेत ना, मग वरचं खालचं थोडं कापावं लागतं." अरे, टीव्ही आडवा झाला म्हणून कोल्ह्याचे पाय कापायचे? मला एक सेकंद हवा होता रे, एकच सेकंद, तोही गुडघ्याखालचा!

तेव्हा आली ही सोनेरी अक्षरांची डिस्क. "काका, यात चित्र पूर्ण आहे, आणि मशीनने साफ केलंय, धुळीचा एक कण दिसणार नाही!" दिसत नाहीच. धूळ नाही, आणि धुळीबरोबर मिश्याही नाहीत! कोल्ह्याच्या मिश्या पुसल्या, म्हातारीच्या सुरकुत्या पुसल्या, सगळ्यांची तोंडं वापरलेल्या साबणासारखी. आधीच्या डिस्कवर निदान स्टुडिओची दहा मिनिटांची चित्रफीत होती, त्यात हिची पाठ दिसायची, वेणीसकट. तीही काढली! तिथे आता दुसऱ्या फिल्मांच्या जाहिराती. अकराव्या मिनिटाला मी टीव्ही बंद केला आणि कंपनीला सात पानी पत्र लिहिलं, रजिस्टर टपालाने. एकोणीस तक्रारी. एकोणिसावी अधोरेखित: 'तळ्यावरच्या प्रसंगात कोल्ह्याच्या उजव्या पायात मोजा आहे, त्याला हात लावला असेल तर गाठ माझ्याशी आहे!'

पण पुढे बघायची हिंमत होईना. तीन दिवस डिस्क तशीच. ज्या मशीनने मिश्या ठेवल्या नाहीत, ते चूक ठेवेल? शेवटी हीच म्हणाली, "अहो, बघून टाका एकदाचं." म्हणाली सहज, पण चष्मा दोनदा पुसला. नात मध्ये बसली. लावली.

तळं आलं. आणि बर्फ? मूळ फिल्ममध्ये भुरुभुरु बर्फ पडतोय, इथे आभाळ कोरडं ठणठणीत! मशीनला वाटलं, पांढरं पांढरं उडतंय म्हणजे धूळच! सगळा हिमवर्षाव झाडून टाकला! गेला, म्हटलं, मोजाही गेला. कोल्हा एक पाऊल, दोन पावलं...

टुणकन!

"थांबा!" नातच ओरडली. मी थांबवलं. उजव्या पायात लाल मोजा, लख्ख, कधी नव्हता एवढा लाल! हुश्श! तुम्हाला सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला. मशीनला धूळ कळते हो, चूक कळायला माणूस लागतो, आणि माणूस तिथे ठेवलाच नव्हता! नात उठली, पडद्यावर बोट ठेवलं, "आजी, हा तुझा?" ही म्हणाली, "हो गं. माझाच." दारात उभी नव्हती, समोर खुर्चीत बसून म्हणाली. मग नातीने तो एक सेकंद सतरा वेळा बघितला, आणि आता येईल त्या पाहुण्याला तीच दाखवते, मला रिमोट मिळत नाही.

आणि काल कंपनीचं उत्तर आलं. 'माननीय ग्राहक, मोज्याची चूक निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार. पुढील आवृत्तीत ती अवश्य दुरुस्त करू.'

मीच! मीच पत्ता देऊन आलो! ही शांतपणे पत्र वाचत होती, दोनदा वाचलं, घडी केली आणि म्हणाली, "दुरुस्त करणार म्हणतायत ना? कोण, हेच बर्फ झाडणारे? मग काही काळजी नाही. बाकी फिल्मभर डाव्या पायातलाच काढतील."